टोकियोतलं देवनार

हिवाळ्यातल्या पहाटे वारा ठाण्याच्या खाडीकडून यायला लागला की आमच्या इमारतीतल्या खिडक्या एकेक करून बंद होतात. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला येतोय. म्हणजे आमच्या इमारतींपेक्षा इथला डोंगर जुना. १९७१मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना इथे आला. पलीकडे ट्रॉम्बेला अणुभट्ट्या. शहराला जे लागतं, पण शेजारी नको असतं, ते पूर्वेला सरकत सरकत आमच्यापर्यंत पोचतं. नव्या टॉवरांच्या जाहिरातींत मात्र पत्ता हटकून 'चेंबूर' छापलेला असतो. फ्लॅट देवनारला, पत्ता चेंबूरचा.

अशा ठिकाणी उभं आयुष्य काढलं की परक्या शहरात एक खोड जडते. राजवाडा होतो, मनोरा होतो, बाजार होतो, आणि मन विचारत राहतं, यांचं देवनार कुठे आहे?

"मावशी, लोक इथे शिबुयाचा चौक बघायला येतात," भाचा म्हणाला. "तू कचरा बघायला आलीयस?"

"कचरा नाही रे, पत्ता."

शिबुयाही पाहिलं. सिग्नल पडला की चारी बाजूंनी माणसं एकदम सुटतात. दादरच्या पुलावरून गेलेल्या बाईला गर्दीचं काय नवल. नवल एवढंच की कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. एक कॉफी, दोन फोटो, झालं.

मी शोधत होते तो पत्ता पूर्वेलाच निघाला. टोकियो स्टेशनातून केइयो लाइनची गाडी धरायची आणि शिन-किबाला उतरायचं. जुन्या किबातले लाकडाचे व्यापारी १९७०च्या दशकात इथे हलवले गेले. स्टेशनाबाहेर वखारी, फळ्यांच्या थप्प्या, आणि ओल्या लाकडाचा वास. कचऱ्याच्या बेटाकडे जाणाऱ्या वाटेवर इतका चांगला वास यावा, हे मला जरा अन्यायाचंच वाटलं.

बेटाचं नाव युमेनोशिमा, म्हणजे स्वप्नांचं बेट. समुद्रात भर घालून इथे विमानतळ करायचा बेत होता. तो युद्धात बुडाला. युद्धानंतर थोडे दिवस लोक इथे पोहायला येत होते. मग १९५७ ते १९६७ टोकियोने आपला कचरा इथे ओतला. १९६५च्या उन्हाळ्यात इथून माश्यांचे थवे उठले आणि समोरच्या कोतो वॉर्डातल्या घरांत, शाळांत घुसले. शेवटी सरकारने कचऱ्यावर तेल ओतून तो पेटवून दिला. आमच्याकडे २०१६च्या जानेवारीत डोंगर आपोआप पेटला. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तिथे आग लावावी लागली होती, आमच्याकडे विझवता विझत नव्हती.

आता तिथे बाग आहे, १९७८ पासून. निलगिरीची झाडं, धावणारे म्हातारे, आणि काचेच्या घुमटांचं एक उष्णकटिबंधीय वनस्पतिगृह. त्या घुमटांना ऊब मिळते ती शेजारच्या कचरा जाळणाऱ्या कारखान्यातल्या गरम पाण्याची. आत शिरले आणि चष्म्यावर वाफ धरली. बाहेर कोट घालायची थंडी, आत केळी आणि नारळ. त्या गावात मला घरच्यासारखी हवा मिळाली ती तेवढीच, आणि तीही कचऱ्याच्या जिवावर.

बागेच्या एका कडेला उंच छपराची इमारत आहे. तिकीट नाही. आत एक लाकडी बोट, जेमतेम तीस मीटरची: दाइगो फुकुर्यू मारू. याइझू बंदरातली ही ट्यूना पकडणारी बोट १ मार्च १९५४ला बिकिनी बेटांपासून दूर, अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि काही तासांनी २३ खलाशांच्या डोक्यावर पांढरी राख पडू लागली. जळलेल्या पोवळ्यांची राख. त्यांनी ती हातांनी झाडली. बिनतारी यंत्र सांभाळणारे कुबोयामा आइकिची त्याच सप्टेंबरात गेले, चाळिशीत. भारतात नेहरूंनी एप्रिलमध्येच लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली होती.

बोट नंतर धुऊनपुसून, नाव बदलून, विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाला वापरली गेली. १९६७मध्ये भंगारात निघाली. इंजिन काढून घेतलं, सांगाडा युमेनोशिमाच्या कचऱ्यात टाकून दिला. कुणीतरी तिला ओळखलं, वर्तमानपत्रात पत्र आलं, लोकांनी पैसे जमवले, आणि १९७६मध्ये तिच्यावर हे छप्पर आलं.

मी तिच्या नाळेपाशी बराच वेळ उभी होते. नुसती जपानची गोष्ट म्हणून बघणं मला जमेना. ट्रॉम्बेचं अणुशक्ती केंद्र १९५४च्या जानेवारीत सुरू झालं, बिकिनीच्या स्फोटाआधी दोन महिने. त्याला होमी भाभांचं नाव मिळालं १९६७मध्ये, बोट कचऱ्यात गेली त्याच वर्षी. योगायोगच, दुसरं काही नाही. पण कचऱ्याचा डोंगर आणि अणू एकाच पिनकोडच्या आसपास असल्याची सवय फक्त आम्हालाच आहे, असा माझा समज होता. संग्रहालयातल्या पहारेकरी बाईंना हे सांगावंसं फार वाटलं. भाषा आडवी आली. त्यांनी मला कागदी करकोचा दिला.

भाच्याने विचारलं, "पटलं? यांचं देवनार सापडलं?"

सापडलं, आणि ते बाग कसं झालं हेही कळलं. त्यात रम्य असं काही नाही. एदोच्या शोगुन सरकारने १६५५मध्येच शहराचा कचरा पूर्वेला, एइताइ बेटावर टाकायचा हुकूम काढला होता. तेव्हापासून कोतोच्या नशिबी इतरांचा कचरा. १९७१मध्ये कोतोच्या लोकांनी हिशेब मागितला: आमच्या रस्त्यांवरून रोज हजारो ट्रक जातात, प्रत्येक वॉर्डाने आपला कचरा आपल्या हद्दीत का जाळू नये? गव्हर्नर मिनोबे यांनी 'कचरायुद्ध' जाहीर केलं. पश्चिमेकडच्या सुखवस्तू सुगिनामी वॉर्डाला जाळण्याचा कारखाना आपल्या दारात नको होता. तेव्हा १९७३मध्ये कोतोच्या वॉर्डसभेचे सदस्य रस्त्यात उभे राहिले आणि सुगिनामीचे ट्रक परत पाठवले. पुढे सुगिनामीत कारखाना झाला. आज टोकियोच्या २३ वॉर्डांपैकी बहुतेकांत असे कारखाने आहेत. इकेबुकुरोला स्टेशनापासून थोडं चाललं की दुकानांच्या गर्दीत २१० मीटरची पांढरी चिमणी उभी, आणि खाली त्याच उष्णतेवर तापवलेला पोहण्याचा तलाव. मी वर बघत उभी राहिले. बाकी कुणी मान वर करत नव्हतं. उरलेली राख मात्र अजूनही उपसागरातच जाते. तेवढं पूर्वेचं ओझं टोकियोलाही उतरवता आलेलं नाही.

जपानी माणसं शिस्तीची म्हणून हे झालं, असं मायदेशी परतलेले पाहुणे सांगतात. मला ते पटत नाही. शिस्त असती तर माश्या झाल्या नसत्या. कोतोला स्वतःची निवडलेली सभा होती, आणि ती ट्रक अडवू शकत होती. आमच्या एम पूर्व वॉर्डाला कचेरी आहे आणि नेमलेला अधिकारी आहे. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात हा वॉर्ड सगळ्यांत तळाला होता. मलबार हिलचा कचरा मलबार हिलवरच जिरवा, असं म्हणायला इथून कोण उभं राहणार? उलट २०२४मध्ये राज्य सरकारने याच डंपिंगची सव्वाशे एकरांच्या आसपास जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचं ठरवलं. टोकियोने डोंगरावर झाडं लावली. आपण माणसं लावणार.

कत्तलखानाही सापडला, आणि तो तर शिनागावाला, बुलेट ट्रेनच्या स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर. काचेच्या टॉवरांच्या मधोमध शिबाउराचा मांसबाजार १९३६ पासून उभा आहे. पाहुण्यांना एका माहितीदालनापुरता प्रवेश. तिथे सुऱ्या, तक्ते, आणि एका कपाटात कामगारांना आलेली निनावी पत्रं: शिव्यांची, किळसेची. जनावर कापणाऱ्यांना जातीबाहेर ठेवण्याची रीत जपानातही शतकानुशतकं होती आणि कायद्याने गेली तरी मनातून गेली नाही. पत्रं वाचता येत नव्हती, भाच्याने दोनेक वाचून दाखवली आणि मग म्हणाला, "पुरे, मावशी." आमच्याकडे बकरी ईदच्या आधी देवनारच्या मंडईत राजस्थान-गुजरातहून बकरे उतरतात, लाखोंनी. बघायला अख्खं शहर येतं. एरवी 'कत्तलखान्याकडे राहता?' असं विचारताना त्याच शहराचं नाक किंचित वर जातं. ती पत्रं जपून लावणारा बाजार मला आवडला. लपवून ठेवणं सोपं होतं.

उत्तरेला मिनामी-सेंजूलाही गेले. तिथे सान्या नावाची वस्ती होती. १९६४च्या ऑलिंपिकचं टोकियो बांधणारे रोजंदारीवरचे मजूर तिथे तीन चटयांच्या खोल्यांत राहायचे. १९६६मध्ये ते नावच पत्त्यांतून काढून टाकलं. माणसं राहिली, म्हातारी झाली. त्यांच्या स्वस्त खोल्यांत आता पाठीवर सॅक घेतलेले परदेशी पोरगे उतरतात. जवळच एदोकाळातलं वधस्थान, त्यातून आज रेल्वेचे रूळ गेलेत. त्याच ठिकाणी १७७१मध्ये वैद्य सुगिता गेन्पाकू यांनी मृतदेहाचं विच्छेदन डच पुस्तकाशी ताडून पाहिलं आणि जपानी वैद्यकाची दिशा बदलली. तिथून थोडं पुढे मिनोवाबाशीला एका डब्याची ट्राम मिळते. मुंबईची ट्राम १९६४ला गेली, ती आईच्या बोलण्यातून मला पाठ होती. चढले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिले. भाचा कंटाळला.

भाचा राहतो निशी-कासाईला, युमेनोशिमापासून अराकावा नदीच्या पलीकडे. २०००च्या सुमाराला संगणकांतल्या तारखांचा घोळ निस्तरायला जे भारतीय आले, ते इथे स्थिरावले: बँकांच्या भागात थेट जाणारी तोझाई लाइन, आणि जामीनदार न मागणारी सरकारी घरं. एप्रिल २०१९मध्ये मराठी घरातले योगेंद्र पुराणिक इथल्या एदोगावा वॉर्डसभेवर निवडून आले. त्याच वर्षी वॉर्डाने पुराचा नकाशा घरोघर वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर रहिवाशांना सांगितलं होतं की इथे थांबू नका. वॉर्डाचा बराचसा भाग भरतीच्या पातळीखाली आहे. सखल जमीन, पूर्वेचा काठ, आणि नव्याने आलेली माणसं. पत्ता मला ओळखीचाच वाटला.

त्याच्या फ्रिजवर कचऱ्याचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे: जळणारा कोणत्या वारी, न जळणारा कोणत्या, बाटल्या आणि वर्तमानपत्रं कधी. दुधाचा खोका धुऊन, कापून, वाळवून तो गठ्ठा बांधत असतानाच माझ्या बहिणीचा माटुंग्याहून व्हिडिओ कॉल आला. मागे ओट्यावर तिची काळी पिशवी दिसत होती, त्यात सालं, प्लास्टिक, सगळं.

"आई, वेगळं का नाही करत तू?"

"करून काय होतंय? गाडीत शेवटी एकत्रच टाकतात."

"आणि गाडी कुठे नेते?"

"मला काय माहीत," बहीण म्हणाली. "तुझ्या मावशीला विचार."