काटकसर कुठे करायची?

मावसभावाने दोन वर्षं शिकवण्या घेऊन ५०,००० रुपये साठवलेत. गेमिंग पीसी जोडायचाय, म्हणून यादी माझ्याकडे आली. काचेचं कॅबिनेट, रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे आणि सगळ्यात शेवटी 'कुठलाही एसएमपीएस'. आता बोला!

माझं गणित साधं आहे. जे नंतर बदलता येतं ते आत्ता साधं चालेल. जे जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातं, तिथे काटकसर नको. एसएमपीएस नेमका असाच. म्हणून तो चांगल्या कंपनीचा, ५५० वॉटचा, पुढे ग्राफिक्स कार्ड टाकलं तरी पुरेल असा. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी. २०२१ चा, ६ कोअरचा, पण ग्राफिक्स आतच असल्याने कार्डावाचून अडत नाही. हे ग्राफिक्स रॅमवरच जगतं, त्यामुळे १६ जीबीची एक स्टिक न घेता ८-८ च्या दोन. ड्युअल चॅनेलमुळे फ्रेम्स चक्क वाढतात.

"दादा, जीटीए फाइव्ह चालेल ना?"

"चालेल रे, सेटिंग्ज जरा कमी ठेव."

दिवेवाले पंखे गेले म्हणून स्वारी थोडी खट्टू झाली. असो. उरलेले पैसे बँकेत राहतील आणि कार्ड पुढच्या शिकवण्यांतून येईल, हप्त्यांवर नाही.