मेरेवरचा पांगारा

सावंतवाडीच्या चितारआळीत शिरले की दुकानांच्या फळ्यांवर सगळे ऋतू एकदम पिकलेले दिसतात. बोंडासकट काजू, डोळे फुगलेला अननस, पाडाला आलेला आंबा, केळीची फणी. सगळे लाकडाचे. आंब्याच्या देठाकडची हिरवी झाक खाली पिवळ्यात कुठे मिसळली, ते शोधूनही सापडत नाही. पुस्तकातल्या चित्रावरून फळाचा आकार उतरवता येतो. फळ पाडाला लागतानाचा नेमका रंग मात्र झाडाखाली राहणाऱ्यालाच ठाऊक असतो. या कारागिरांच्या हाताला कोकणच्या परसाची ओळख आहे आणि ती त्यांच्या प्रत्येक फळात उतरली आहे.

ही फळे मूळची पांगाऱ्याची. फाल्गुनात पाने झडलेल्या फांद्यांवर लालभडक फुले येतात तोच हा पांगारा. त्याचे लाकूड हलके आणि मऊ. घर बांधायला ते निकामी, जळणालाही फारसे बरे नाही. पण सावलीत नीट वाळवले, की पटाशीला आणि लेथला ते मुकाट्याने वश होते.

हा पांगारा वाढतो कुठे? मेरेवर म्हणजे शेताच्या बांधावर, वईच्या कुंपणात, कुळागराच्या बागेत. पावसाच्या तोंडावर त्याचा मनगटाएवढा खुंट जमिनीत रोवावा, तो धरतो. अशा खुंटांची रांग लावली की जिवंत कुंपण झाले. त्याच्या खोडावर मिरवेल चढते. पाला कुजून खत होतो, आणि शेंगेच्या कुळातला असल्यामुळे त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत आणून ठेवतात. शेताला कुंपण, मिरीला आधार, मातीला खत आणि मुलाच्या हाताला खेळणे, हे सगळे एकाच झाडाकडून. मला तर कोकणातल्या जगण्याचा सारा आराखडाच या झाडात दिसतो.

या आराखड्याला वेळापत्रक होते. मृगात पेरणी, आषाढात लावणी. त्या दिवसांत भाताचा तरवा काढणाऱ्या हातांना दुसरे काही सुचत नाही, आणि दमट हवेत लाकडावरचा रंगही लवकर वाळत नाही. भात कापून झाले की ओलीवर कुळीथ, चवळी टाकायची आणि मग हात मोकळे. नांगराचे जू, कुदळीचा दांडा, मुलासाठी बैलगाडी, हे कोरडे दिवस लाकडाचे. पूर्वी गावच्या सुताराला नांगर-अवजारांचा मोबदला पिकल्यावर भातातच मिळे. म्हणजे सुताराच्या चुलीवरचा भात शेतातून येई आणि शेतातला नांगर सुताराच्या हातातून.

लाकूड, शेत आणि कला यांचे एकत्र येणे पाहायचे, तर चतुर्थीला कोकणातल्या घरात जावे. गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगलेली असते. ती माटवी. गोव्यात हीच माटोळी. तिला नारळ, सुपारीचे शिपटे, तवशी, चिबूड, कवंडळ, तेरडा, हरणाची पिवळी फुले बांधतात. परसातले आणि रानातले जे जे त्या आठवड्यात पिकले, फुलले, ते सगळे तिथे लटकते. मागच्या भिंतीवर घरातलाच कोणी चित्र काढतो. चौकट सुताराची, फळे शेताची, रंगसंगती घरच्या माणसांची. ही मांडणी शिकायला कोणी शाळेत जात नाही, आणि तरी ती दरवर्षी सुंदर होते.

सावंतवाडीची गंजिफाही याच मातीतली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकी बारा, असे 120 गोल पत्ते. पत्त्याला ताठपणा येतो चिंचोक्याच्या खळीने आणि चकाकी लाखेने. एक शेताकडेच्या झाडाची बी, दुसरा झाडाच्या फांदीवर राहणाऱ्या किड्याचा स्राव. गेल्या शतकात ही कला विझत आली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा दिली, म्हणून ती आज हाती आहे.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या. त्यांच्यातल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी या कलांचे संग्रहालय उभे केले ते घरच्या गुरांच्या गोठ्यात. गोठा आणि कलादालन यांत त्यांना अंतर वाटले नाही. गोठा म्हणजे घरातली जपायची जागा. तिथे आधी गुरे जपली, मग चित्रे.

आज वई जाऊन चिऱ्याचे कुंपण आले, काटेरी तार आली. मिरीसाठी सिमेंटचे खांब आले. मेरेवरचा पांगारा तोडला, त्याच्या जागी दुसरा लावला नाही. खेळणी करणारा आता आंब्याचे किंवा मिळेल ते लाकूड वापरतो. हस्तकला वाचवायची म्हणून आपण प्रदर्शने भरवतो, कारागिराला शाल देतो. ते करावेच. पण ज्या कलेचा कच्चा माल कुंपणात उगवतो, तिचे रक्षण आधी कुंपणातच करायला हवे. शेत टिकले तर लाकूड मिळेल, लाकूड मिळाले तर पटाशी चालेल. उलट्या बाजूने हे जमणार नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे चार गुंठे का होईना जमीन आहे, त्यांनी यंदा मृगाआधी मेरेवर पांगाऱ्याचे दोन खुंट रोवावेत. त्यांवर मिरवेल सोडावी. मुलाच्या हातात एक पटाशी आणि एक कुंचला द्यावा, आणि लावणीच्या दिवशी त्यालाही चिखलात उतरवावे. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांनी घरात एक तरी खेळणे कारागिराच्या हातचे आणावे आणि त्याचे लाकूड कुठून आले, ते त्यालाच विचारावे.