मत दिल्यानंतरचं काम

दक्षिण आफ्रिकेत एप्रिल १९९४मध्ये लोकांच्या हाती जी मतपत्रिका पडली, तिच्या तळाशी एक स्टिकर चिकटवलेला होता. इंकाथा पक्षानं निवडणूक लढवायचं ठरवलं ते मतदान आठवड्यावर आलेलं असताना. तोवर मतपत्रिका छापून तयार होत्या. मग त्या पक्षाच्या नावाचे स्टिकर छापून ते एकेका कागदावर चिकटवले. मतदारयादी नव्हतीच. कुणी दोनदा मत देऊ नये म्हणून हाताला जी शाई लावत, ती फक्त अतिनील दिव्याखाली दिसे. एवढ्या घाईतही १ कोटी ९५ लाखांवर मतं पडली. त्या लांबच लांब रांगांची छायाचित्रं मी तेव्हा वर्तमानपत्रांत पाहिली होती. काठी टेकत आलेली म्हातारी माणसं आयुष्यात पहिल्यांदा मत देत होती. ती पाहून भरून आलं होतं, आजही येतं.

त्याआधी तिथं मताचा हक्क कातडीच्या रंगावर वाटलेला होता. १९८४मध्ये गोऱ्या सरकारनं तीन सभागृहांची संसद आणली. गोऱ्यांना १७८ जागा, मिश्रवर्णीयांना ८५, भारतीय वंशाच्या लोकांना ४५ आणि देशात सर्वांत जास्त संख्या असलेल्या कृष्णवर्णीयांना एकही नाही. भारतीयांना सत्तेचा तुकडा दाखवून फोडायचा हा डाव होता. नोंदणी झालेल्या भारतीय मतदारांपैकी जेमतेम पाचव्या हिश्शानं मतदान केलं, बाकीचे घरी राहिले. त्यांच्या त्या घरी राहण्याचा मला अभिमान वाटतो.

हक्क मिळवण्याची ही लढाई जगाला ठाऊक आहे. मला अधिक विचारात पाडते ती तिच्यानंतरची गोष्ट. वर्णद्वेषाशी लढलेला माणूसच सत्तेवर बसून गैर वागला, तर त्याला जाब कुणी विचारायचा?

जेकब झुमा शाळेची पायरी न चढलेला, गरीब घरातला मुलगा. रॉबेन बेटावर मंडेलांबरोबर त्यांनी दहा वर्षं तुरुंगवास भोगला. २००९मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि न्कांडला या गावातल्या त्यांच्या घरावर 'सुरक्षे'च्या नावाखाली सरकारी पैसा ओतला गेला. आपल्या लोकायुक्तासारखं तिथं पब्लिक प्रोटेक्टर हे घटनात्मक पद आहे. त्या पदावरच्या थुली मॅडोन्सेला यांनी मार्च २०१४मध्ये अहवाल दिला. एकूण खर्च सुमारे २४ कोटी ६० लाख रँड. त्यात गुरांचा गोठा, कोंबड्यांचं खुराडं, पाहुण्यांसाठी इमारत, पोहण्याचा तलाव. सुरक्षेशी संबंध नसलेल्या गोष्टींच्या खर्चाचा वाजवी हिस्सा झुमांनी स्वतः भरावा, असं त्यांनी बजावलं. त्यावर पोलीसमंत्र्यांनी उलटा अहवाल आणला: तलाव पोहण्यासाठी नाही, आग विझवण्यासाठी आहे. संसदेनं तो बहुमतानं मान्य केला. एका उपमंत्र्यानं तर मॅडोन्सेलांनाच अमेरिकेची हेर ठरवलं. ही बाई स्वतः कृष्णवर्णीय, सोवेटोच्या कृष्णवर्णीय वस्तीत वाढलेली, राज्यघटना घडवण्यात हातभार लावलेली.

अखेर ३१ मार्च २०१६ला घटना न्यायालयानं एकमतानं निकाल दिला की राष्ट्राध्यक्षांनी आणि संसदेनंही घटनेशी असलेलं आपलं कर्तव्य पाळलं नाही. अर्थखात्यानं हिशेब करून झुमांना ७८ लाख रँड भरायला लावले.

जोहान्सबर्गला गेले तेव्हा ते न्यायालय पाहून आले. जुन्या किल्ल्यातल्या तुरुंगाच्या जागी ते बांधलंय. गांधीजी आणि मंडेला दोघंही त्या तुरुंगात राहिलेले. कच्च्या कैद्यांची इमारत पाडली, तिच्या विटा न्यायालयाच्या भिंतींत वापरल्या. न्यायाधीशांच्या आसनांपुढे गाईंची कातडी लावलीत, प्रत्येकीचे ठिपके निराळे. दालनाच्या भिंतीत एक लांबट, अरुंद खिडकी आहे आणि तिच्यातून बाहेरच्या वाटेवरून जाणाऱ्यांची नुसती पावलं दिसतात, झिजलेल्या चपलांतली, शाळेच्या बुटांतली. न्यायाधीश बसतात ते त्या पावलांच्या खाली. मी तिथं बराच वेळ उभी होते.

झुमा प्रकरणाचं सर्वांत विषारी अंग निराळंच आहे, आणि त्यात आपल्या देशातून गेलेले लोक आहेत. सहारनपूरहून जाऊन तिथं उद्योगपती झालेले गुप्ता बंधू झुमांच्या इतके जवळ गेले, की मंत्री कोण व्हावा यात त्यांचा हात असल्याचे आरोप झाले. आपल्यावरची टीका परतवायला त्यांच्या कंपनीनं लंडनची बेल पॉटिंजर ही जनसंपर्क संस्था नेमली. तिनं प्रचार रेटला तो 'गोऱ्या मक्तेदार भांडवला'विरुद्धचा. गोऱ्यांच्या हाती अजूनही बेसुमार संपत्ती आहे, हे खरंच आहे. पण त्या खऱ्या जखमेवर बोट ठेवून लोकांचं लक्ष चोरीवरून हटवायचं, हा हिशेब होता. त्या संस्थेला ब्रिटनमधल्या तिच्या व्यवसायसंघटनेनं सप्टेंबर २०१७मध्ये काढून टाकलं आणि त्याच महिन्यात ती बुडाली. मला या कृत्याचा विलक्षण संताप येतो. ज्यांनी खरोखर अपमान सोसला, त्यांच्या दुःखाची ढाल करून तिच्याआड त्यांचाच पैसा लुटायचा! 'आमच्या समाजाचा म्हणून मुद्दाम गोवलं' हे वाक्य आपल्याकडेही किती पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. कधी ते खरं असतं, म्हणूनच खोटं बोलणाऱ्याचा गुन्हा दुप्पट.

आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेव्हा विरोधात असलेल्या डेमोक्रॅटिक अलायन्सच्या हेलन झिले यांनी मार्च २०१७मध्ये लिहिलं की वसाहतवादाचा वारसा सगळाच वाईट नव्हता. स्वतंत्र न्यायव्यवस्था, वाहतूक, नळाचं पाणी पाहा. देशभर संताप उसळला, त्यांनी माफी मागितली. तरी प्रांताचं मुख्यमंत्रिपद शेवटपर्यंत राहिलं आणि २०१९मध्ये पक्षातलं मोठं पदही मिळालं. त्यानंतर तीनच दिवसांत पक्षाचे पहिले कृष्णवर्णीय नेते म्मुसी मैमाने बाहेर पडले. भ्रष्ट राष्ट्राध्यक्षाविरुद्ध कोर्टात जाणारा पक्ष आपल्या घरातल्या या प्रश्नाला मात्र पुरता भिडला नाही.

अशा वेळी मतदारानं काय करायचं? २०२४च्या निवडणुकीआधी तिथला मतदार खासदार निवडत नसे, फक्त पक्ष निवडत असे. यादी पक्ष ठरवतो आणि पक्षातून काढलेल्याची खासदारकीही जाते. त्यामुळे खासदाराची नजर मतदाराकडे नव्हे, यादी करणाऱ्याकडे लागलेली. ऑगस्ट २०१७मध्ये झुमांवरचा अविश्वास ठराव गुप्त मतदानाला आला, तेव्हा स्वपक्षाच्या दोन डझनांहून जास्त खासदारांनी त्यांच्याविरुद्ध मत दिलं. तरी ठराव १७७ विरुद्ध १९८ असा पडला. झुमा गेले ते फेब्रुवारी २०१८मध्ये, पक्षानंच उतरवलं तेव्हा. या गैरव्यवहारांच्या चौकशी आयोगाला जुमानलं नाही म्हणून २०२१मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली, त्यावरून दंगली पेटल्या, साडेतीनशेवर माणसं मेली. भारतीय वस्तीच्या फिनिक्समध्ये, ज्याच्या शेजारीच गांधीजींनी आश्रम काढला होता, ३६ जण मारले गेले. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. ज्यांनी १९८४मध्ये घरी राहून त्यांची साथ केली, त्यांच्याच पुढच्या पिढीतल्या काहींनी रस्ते अडवून त्यांच्यावर बंदुका रोखल्या. हे लिहिताना हात जड होतो.

मे २०२४मध्ये मतदारांनी मंडेलांच्या पक्षाला ४० टक्क्यांवर आणून बसवलं. बहुमत पहिल्यांदाच गेलं. झुमांना शिक्षेमुळे उमेदवारी नाकारली गेली, पण त्यांच्या नव्या पक्षाला १४ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. या निकालापेक्षा मला दुसरा आकडा टोचतो. तीस वर्षांत देशाची लोकसंख्या दोन कोटींनी वाढली, आणि मतं पडली १ कोटी ६० लाखांच्या आसपास, म्हणजे १९९४पेक्षा तीस लाखांहूनही कमी.