कमळ, कुमुद आणि कुळांची फेरमांडणी

कमळ आणि कुमुद एकाच तळ्यात वाढतात. दोन्हींची मुळे चिखलात, फुले पाण्यावर. पाकळ्या पुष्कळ, पुंकेसरही पुष्कळ. बेंथॅम आणि हूकर यांच्या वर्गीकरणात (१८६२–१८८३) म्हणूनच ती एका कुळात होती. आज ती एका गणातही नाहीत. कमळाच्या गणात आता काश्मीरचा चिनार येतो. कुमुदाची शाखा मात्र सपुष्प वनस्पतींच्या अगदी आरंभी वेगळी झाली.

हा निवाडा जनुकांनी दिला. मार्क चेस आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ४९९ बीजधारी वनस्पतींतील ‘आरबीसीएल’ या हरितलवकातील जनुकाचे क्रम ताडून पाहिले. १९९८ मध्ये ‘अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप’ची (एपीजी) पहिली मांडणी आली, २०१६ च्या चौथ्या मांडणीत ६४ गण व ४१६ कुळे आहेत.

तरी पुरावा झाडातही होताच. कुमुदाचे तरंगते पान देठापर्यंत चिरलेले असते; कमळाचे पान अखंड गोल, देठ मधोमध. कमळाच्या फुलात मध्यभागी भोवऱ्यासारखा भाग, त्याच्या सपाट माथ्यावर खळगे आणि प्रत्येक खळग्यात एकेक बी. सूक्ष्मदर्शकाखाली परागकणावर तीन खाचा दिसतात. कुमुदाच्या परागकणावर त्या नसतात. तीन खाचा ही बहुसंख्य द्विदलांची खूण. ती माहीत होती, पण पाण्यातल्या राहणीमुळे आलेल्या साम्यापुढे तिचे वजन कमी पडले. कोणत्या लक्षणाला किती वजन द्यायचे हाच या विद्येचा गाभा, आणि जनुकांची खरी मदत झाली ती तिथे.

एका जनुकावर विसंबणे मात्र धोक्याचे. हरितलवक बहुधा मातृवृक्षाकडूनच येते. संकराचा अर्धा इतिहास त्यात उमटतच नाही. म्हणून २०२४ मध्ये क्यू उद्यानाच्या पुढाकाराने ९,५०० हून अधिक जातींतील केंद्रकातली ३५३ जनुके तपासली गेली. त्यासाठी वनस्पतिसंग्रहांतले जुने, काही तर जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचे, वाळवलेले नमुनेही कामी आले. क्रम ज्या झाडाचा, त्याचा नमुना जपलेला नसेल तर त्या क्रमावरचे नाव पुन्हा पडताळता येत नाही.

महाराष्ट्रात झाड ओळखताना थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ (१९०१–१९०८) अजूनही उघडावा लागतो. त्यात साग घाणेरीच्या कुळात आहे. आता तो तुळशीच्या कुळात गेला. रुई कण्हेरीच्या कुळात आली. कुक यांची जातींची वर्णने आजही भरवशाची आहेत. अभ्यासकाने ती जरूर वापरावीत, कूळ मात्र एपीजीप्रमाणे लिहावे.