नंदीच्या पायथ्याची दोन घड्याळे

लाल वाइनला जाणकार ‘भरदार’ म्हणतात, तेव्हा तिच्यात नेमके काय भरलेले असते? पहिले उत्तर मद्यार्काचे. शुद्ध मद्यार्क पाण्याहून हलका. तरीही त्याचे थोडे प्रमाण पाण्यात मिसळले की मिश्रणाची श्यानता वाढते, कारण हायड्रोजन बंधांमुळे दोहोंचे रेणू परस्परांना अधिक घट्ट धरतात. दुसरे उत्तर टॅनिनचे. ते लाळेतील प्रथिनांना बिलगते आणि जिभेवर तुरट, जाड स्पर्श उमटतो. लाल वाइनच्या बहुतेक द्राक्षांचा रस मात्र जवळजवळ रंगहीन असतो. रंग येतो तो सालीतून, आणि टॅनिन सालीतून व बियांतून. म्हणजे भरदारपणाचा अर्धा हिशेब गरातील साखरेचा, तर उरलेला सालीचा.

हा हिशेब भारतात कसा जुळतो, हे बंगळूरच्या उत्तरेकडील नंदी टेकड्यांच्या परिसरात पाहण्याजोगे आहे. 1988 मध्ये ग्रोव्हर कुटुंबाने येथे फ्रेंच वाणांची लागवड सुरू केली. पुढे बोर्दोचे प्रसिद्ध वाइनतज्ज्ञ मिशेल रोलाँ यांचे मार्गदर्शन लाभले, आणि काबेर्ने सोव्हिन्यों व शिराझ यांच्या मिश्रणातून ‘ला रिझर्व’ ही वाइन नावारूपाला आली. काबेर्नेचे माहेर बोर्दो, सुमारे 45 अंश उत्तर अक्षांशावर. नंदी जेमतेम 13 अंशांवर.

बोर्दोत हिवाळा वेलीला झोपवतो. दक्षिण भारतात वेल झोपतच नाही. तिचे वर्ष माणसाला आखून द्यावे लागते. म्हणून छाटणी दोनदा होते. महाराष्ट्रातील बागायतदार ज्यांना खरड छाटणी आणि गोडी छाटणी म्हणतात, त्याच या दोन छाटण्या: पहिली उन्हाळ्यात काडी तयार करण्यासाठी, दुसरी पावसाळा सरताना फळासाठी. दोन्हींनंतर वेल फुटते, परंतु पीक एकच घेतले जाते.

खरा पेच यापुढे आहे. बोर्दोत द्राक्षे पिकतात ती सप्टेंबरच्या सुमारास, हवा निवत असताना. येथे ती पिकतात हिवाळा संपून ऊन चढू लागते तेव्हा. वेलीत जणू दोन घड्याळे चालतात: एक साखरेचे, दुसरे सालीचे. उष्णता वाढली की साखरेचे घड्याळ पुढे धावते. सालीचे मागे पडते, कारण सुमारे 35 अंश सेल्सिअसच्या वर अँथोसायनिन या रंगद्रव्याची निर्मिती मंदावते. त्यातच रात्री उबदार असतील, तर द्राक्ष श्वसनात मॅलिक आम्ल जाळत राहते. एका लिटर रसातील साधारण 17 ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क बनतो. सालीसाठी थांबावे तर वाइन जहाल आणि आम्लहीन होते. लवकर तोडावे तर ती फिकी आणि हिरवट उतरते.

ही दोन घड्याळे जुळवून ठेवते ती उंची. वातावरणात दर किलोमीटरला तापमान सरासरी 6.5 अंशांनी उतरते. या पठाराची उंची सुमारे 900 मीटर. म्हणजे अक्षांश न बदलता जवळजवळ सहा अंशांचा गारवा. हेच गणित उलट मांडले की चिंता उभी राहते. तापमान एका अंशाने वाढले, तर तोच गारवा राखण्यासाठी मळा साधारण 150 मीटर वर न्यावा लागेल. नंदीचे शिखर 1,478 मीटरवर आहे, पण ते खडकाचे आहे. मळ्याला चढायला तेथे जागा नाही.

तोवर उपाय आहेत ते हाताशी असलेलेच: घडांवर पानांची सावली राखणे, पहाटेच्या गारव्यात तोडणी करणे, आणि साखरेबरोबर आम्ल व सालीची पक्वताही तपासून तोडणीचा दिवस ठरवणे. त्यांनी काही दिवस मिळवता येतात, अंश नव्हे. म्हणूनच या पठारावरील रात्रीच्या किमान तापमानाची वर्षानुवर्षांची नोंद हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्याला जितकी मोलाची, तितकीच ती द्राक्षबागायतदारालाही आहे. दोघेही एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत: रात्र अजून किती गार उरली आहे?