मागची जागा

“अहो भावोजी, आरसे कां हो काढतां? चांगले तर आहेत!”

वहिनींचा हा प्रश्न ऐकून मीं मान वर केली. हातांत पान्हा होता, पुढ्यांत अंगणाच्या फरशीवर जुनें वर्तमानपत्र पसरलेलें होतें, आणि त्यावर माझ्या फटफटीचे दोन्ही आरसे मोडक्या चष्म्याच्या कांचांसारखे पडले होते. “जेथें जायचें आहे तेथें मागें पाहावें लागत नाहीं,” असें मीं म्हटलें खरें. पण तें उत्तर माझें मलाच थोडें चमत्कारिक वाटलें.

वाचकांना आधीं थोडी हकीकत सांगितली पाहिजे. माझी फटफटी शर्यतीची नव्हे. दोनशे सी. सी. ची, पाण्यानें थंड होणाऱ्या एंजिनाची, मला रोज कचेरींत नेणारी, मंडईंतून भाजी आणणारी आणि दर गुरुवारीं आईला मठांत पोंचविणारी अशी ती संसारी गाडी आहे. तथापि तिच्या एंजिनांत रस्त्याला मानवेल त्याहून अधिक जोर आहे, आणि माझ्या मनांत वयाला शोभेल त्याहून अधिक हौस आहे. एके रात्रीं सातारा रस्त्यावरून आपण किती वेगानें आलों हें मीं जेवतांना मोठ्या अभिमानानें सांगितलें. दादांनीं हातांतला घांस ताटांत ठेवला. ते म्हणाले, “वेगाची एवढी आवड असेल तर त्याची जेथें जागा आहे तेथें जा. रस्ता आपल्या एकट्याच्या मालकीचा नाहीं.” दादा सहसा रागावत नाहींत, म्हणूनच तो शब्द मला लागला.

वेगाची तशी जागा आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें सुमारें ३.७ किलोमीटर लांबीचा शर्यतीचा ट्रॅक आहे. पूर्वीं त्या बाजूच्या शर्यती शोळावरमच्या जुन्या विमानपट्टीवर होत. १९९० सालापासून त्या या खास बांधलेल्या ट्रॅकवर होऊं लागल्या. शर्यती नसतील अशा कांहीं दिवशीं फी भरून सामान्य माणसालाही तेथें आपली गाडी चालवितां येते. त्यांत पहिलादुसरा क्रमांक नसतो, बक्षीस नसतें. २०२४ सालच्या जानेवारींतील अशा एका दिवसासाठीं मीं नांव नोंदविलें आणि थोड्याच दिवसांत आयोजकांचें सूचनापत्र आलें.

तें सूचनापत्र म्हणजे फटफटीला दिलेली संन्यासदीक्षाच होती! आरसे काढा. नंबराची पाटी काढा. पुढचा दिवा व वळण दाखविणारे बारके दिवे यांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे गाडी पडली तरी कांचेचे तुकडे मार्गावर पसरणार नाहींत. बाजूचा स्टँड तारेनें बांधून टाका. एंजिन थंड ठेवणारें हिरवें पाणी काढून साधें पाणी भरा. कारण त्या हिरव्या पाण्यांतील ग्लायकॉल सांडलें तर मार्ग तुपासारखा निसरडा होतो, साधें पाणी मात्र वाळून जातें. एंजिनाच्या तेलाचा खालचा बोल्ट भोंक पाडून तारेनें असा जखडा कीं तो ढिला झाला तरी गळून पडूं नये. चाकांतील हवा थंडपणीं दोनतीन पौंडांनीं कमी ठेवा; टायर तापले कीं आंतली हवाही तापते आणि दाब आपोआप चढतो.

मी एकेक कलम वाचीत होतों आणि पान्हा चालवीत होतों. आरशांनंतर मागच्या बसणाराचीं पाउलें टेकण्याच्या दांड्या उतरल्या. धरून बसण्याची कडी निघाली. शेवटीं, बायकांची साडी चाकांत अडकूं नये म्हणून मागच्या चाकापाशीं जी जाळी असते, ती निघाली. आपल्या कायद्यानें रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारसायकलला चाकापाशीं असा आडोसा असावाच लागतो. ती जाळी हातांत घेतांना माझ्या मनांत आलें, कीं मीं आतांपर्यंत काढलें त्यांतलें माझें असें कांहींच नव्हतें. आरसे मागून येणारासाठीं, वळणाचे दिवे समोरच्यासाठीं, पाटी सरकारासाठीं, कडी आणि जाळी आईसाठीं आणि सौभाग्यवतीसाठीं. दुसऱ्यांसाठीं ठेवलेलें सारें काढून टाकल्यावर जें उरलें तेवढें माझें होतें. आणि खोटें कशाला बोला, तें उघडें सडपातळ रूप पाहून मी मनांतून खूष झालों.

मग ब्रेकची पाळी आली. हें काम मात्र मीं आमच्या पेठेंतील मिस्त्रीकडे सोंपविलें. वेग दुप्पट झाला कीं गाडीच्या अंगची गतिशक्ति चौपट होते. म्हणजे ताशीं ६० किलोमीटरांवरून थांबतांना ब्रेकांना जी उष्णता सोसावी लागते तिच्या चौपट ती १२० वरून थांबतांना सोसावी लागते. आणि हाताचा जोर चाकापर्यंत पोंचविणारें जें ब्रेकचें तेल, तें हवेंतील ओलावा हळूहळू शोषून घेत असतें. ‘डॉट ४’ जातीचें कोरें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. ओलावा मुरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळलें कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि दांडी मुठीला टेकली तरी गाडी थांबत नाहीं.

मिस्त्रीनें जुनें तेल एका कांचेच्या बरणींत काढलें. तें मधासारखें पिवळसर असावयाचें. पण बरणींत उतरलें तें आईच्या काढ्यासारखें काळपट होतें. मग त्यानें मागच्या ब्रेकच्या पट्ट्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. त्यांवरचा घासणारा थर जेमतेम नखाएवढा जाड उरला होता.

“तेल कधीं बदललं होतं, साहेब?”

चार वर्षांपूर्वीं गाडी घेतली तेव्हांपासून एकदांही नाहीं. दर दोन वर्षांनीं तें बदलावें असें गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत छापलेलें आहे, आणि ती पुस्तिका माझ्या टेबलाच्या खणांत जशीच्या तशी कोरी पडलेली आहे. मी दर खेपेस घाईघाईनें एंजिनाचें तेल तेवढें बदलून आणीत असें. कारण एंजिनानें गाडी पळते!

मिस्त्री हंसला नाहीं. तो एवढेंच म्हणाला, “शर्यतीचं राहूं द्या, याच्यावर भाजी आणायलाही जाऊं नका.”

त्या क्षणीं माझ्या डोळ्यांपुढें त्याच सालचा आषाढ उभा राहिला. भुरभुर पाऊस, कात्रजच्या जुन्या घाटाचा उतार, आणि मागें बसलेली आई. आम्ही शिवापुराकडे मावशीला भेटावयास चाललों होतों. माझ्या खांद्यावर तिचा हात होता, आणि सावकाश जा असें तिनें एकदांही म्हटलें नव्हतें. लेकाच्या हातांत गाडी आहे एवढी खात्री तिला पुरेशी होती. त्या उतारावर मी याच पट्ट्या आणि हेंच काळें तेल घेऊन चाललों होतों. माझ्या स्वतःच्या एका दिवसाच्या हौसेसाठीं मीं गाडीचा बोल्ट अन् बोल्ट तपासला; आईचा जीव तिच्यावर बसवितांना मात्र चार वर्षांत एकदांही खालीं वाकून पाहिलें नव्हतें! बरणी हातांत घेऊन मी बराच वेळ तसाच उभा राहिलों.

नवें तेल पडलें, नव्या पट्ट्या बसल्या. टाकी रिकामी करून, गोणपाटांत गुंडाळून फटफटी रेल्वेनें चेन्नईस गेली आणि तेथून टेंपोंतून ट्रॅकवर. सकाळीं आम्हां सर्वांना नियम समजावून सांगण्यांत आले. पुढच्यानें आपली वाट सरळ धरावी. त्याला सांभाळून ओलांडण्याची जबाबदारी मागून येणाराची. पिवळें निशाण दिसलें कीं सावध व्हावें, लाल दिसलें कीं वेग उतरवून परत फिरावें. दिवसभरांत वीसवीस मिनिटांच्या चार फेऱ्या मला मिळाल्या. आनंद झाला, तो नाकारीत नाहीं. तरीपण लांब सरळ मार्गाच्या शेवटीं दर खेपेस ब्रेक दाबतांना दांडी घट्ट लागली, कीं मला वेगाआधीं ती बरणी आठवे.

घरीं आल्यावर पुढच्याच रविवारीं मीं तेंच वर्तमानपत्र पुन्हां पसरलें. हिरवें पाणी भरलें, पाटी लावली, दिव्यांवरच्या पट्ट्या सोलून काढल्या. जाळी बसवितांना वहिनी दारांत येऊन उभ्या राहिल्या. “झाली का हौस?” त्यांनीं विचारलें. दादा आंतून म्हणाले, “त्याला नीट बसवूं दे.”

आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मी फटफटीपाशीं वाकून बसतों. ब्रेकच्या पट्ट्या, तेलाचा रंग, साखळीचा ताण, चाकांतील हवा, आणि मग ती जाळी. गुरुवारीं आई मागें बसते, पदर सांवरते आणि माझ्या खांद्यावर हात ठेवते. मी आरसा थोडा कलता करून घेतों. त्यांत मागचा रस्ता दिसतो आणि कडेला तिच्या पदराचा कांठ दिसतो. मग मी गाडी चालूं करतों.