बंद केला, 9.40

गेल्या शनिवारी दारव्ह्याला घरी गेलो होतो. पाय धुवायच्या आत आईने हळूच सांगितलं, "कॉम्प्युटर रात्रीचा आपोआप सुरू होते. यांना काही विचारू नको, चिडतात."

सॉफ्टवेअरवाल्याच्या घरचा कॉम्प्युटर म्हणजे डॉक्टरच्या घरचा खोकला, कोणी मनावर घेत नाही. मशीन 2018 मध्ये यवतमाळला असेम्बल करून घेतलेलं. बाबा रिटायर्ड मास्तर. शेताचा हिशेब, जुनी गाणी, एवढाच त्याचा वापर.

रात्री बाबांनी तो बंद केला आणि ड्रॉवरमधून वही काढून काहीतरी लिहिलं. मी डोकावलो. 'बंद केला, 9.40.' वर तशाच ओळी, तीन आठवड्यांच्या. काहींसमोर लाल फुली.

"फुली म्हंजे सकाळी चालू सापडला," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तुझ्या मोठ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं. गॅस बंद केला म्हणायचे, अन् गॅस सुरूच."

मोठे बाबा शेवटी शेवटी घरच्यांनाही ओळखत नव्हते.

"पण तुम्ही तर लिहून ठेवलंय," मी म्हणालो.

"लिहिलं म्हंजे केलंच, असं कुठे आहे?"

झोप कसली येते मग! रविवारी चहा घेऊनच बसलो. पहिला संशय अर्थातच विंडोजवर. अपडेटसाठी मध्यरात्री जागं होण्याची त्याला खोड असते. पण वेक टायमर एकही नव्हता. वेक ऑन लॅन बंद. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. कोणी हाताने शटडाउन केलं की तिथे 1074 नंबरची नोंद पडते. बाबांना शेजारी बसवलं, वही उघडली. ते तारीख वाचणार, मी शोधणार. 9.40 ला नोंद. 9.35 ला नोंद. एकही दिवस चुकला नव्हता, फुलीचेसुद्धा!

आणि फुलीच्या दिवशी त्यानंतर मशीन सुरू झाल्याची नोंद होती, 1 जानेवारी 2018 ची.

"बाबा, सकाळी तारीख चुकलेली असते का?"

"फुलीच्या दिवशी असते ना. मी कालनिर्णय पाहून नीट करतो. जुना झाला तो आता."

हे मला कोणी आधी का नाही सांगितलं? असो, मीही फोनवर कधी विचारलं नव्हतं.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर2032, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लग लावलेला असेपर्यंत बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ त्यावर चालतं. लाइन गेली की घड्याळ आणि बायोसची सेटिंग सांभाळायचं काम त्या सेलचं. सेल मेला, की बोर्ड सगळं विसरतो. तारीख विसरतो, आणि आपण बंद होतो हेही विसरतो. मग लाइन आली की आमचा बोर्ड सरळ सुरूच होत होता. विसरभोळा तो होता, बाबा नाही.

आणि लाइनीचं काय सांगावं! कोळसा आमच्याच जिल्ह्यातल्या वणीचा, मोठं वीज केंद्र शेजारच्या चंद्रपुरात. पण वारं सुटलं की लाइन जाते ती आमची.

घड्याळवाल्याकडून सेल आणला. बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर' या सेटिंगला 'बंद राहा' केलं. मग मेन स्विच पाच मिनिटं पाडून ठेवला. तिघं अंधाऱ्या खोलीत कॉम्प्युटरकडे बघत उभे. स्विच वर केला. पंखा फिरला, ट्यूब लागली. कॉम्प्युटर गप्प.

बाबा काही बोलले नाहीत. आईला म्हणाले, चहा ठेव.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला आलो. मंगळवारी सकाळी फोन. "काल लाइन गेली होती, दोन तास."

"मग?"

"बंदच होता." थोडं थांबून म्हणाले, "वही चालू ठेवतो मी. राहू दे."